जुन्या टायरची पहिली नोंद गावातच व्हावी



आपले वरवे बुद्रुक हमरस्त्यावरचे गाव. पुणे-सातारा महामार्ग शिवारातून गेला आणि त्याच्यामागोमाग या पट्ट्यात धाबे आले, गॅरेज आली, पंक्चरची दुकाने आली. गावच्या पोरांच्या हाताला काम मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण या रस्त्याने शिवगंगा खोऱ्यातल्या गावांना आणखी एक जिन्नस दिला, त्याचा हिशेब आजवर कोणी ठेवला नाही. तो म्हणजे झिजलेला टायर. आणि दोष सगळा रस्त्याचाच नाही. आपले ट्रॅक्टर, ट्रॉल्या, पिकअप, मोटारसायकली यांचेही टायर झिजतातच की.

हा टायर पुढे जातो कुठे? काही गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून बसतात, काही पेंढ्याच्या गंजीवरच्या ताडपत्रीवर. काही ओढ्याच्या कडेला पडून राहतात. थंडीत शेकोटीला एखादा लागतो. उरलेले टेम्पोत भरून जातात. मागे एकदा फाट्यावर असाच भरलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हरला सहज विचारले, "माल कुठं चाललाय?" तो म्हणाला, "ते मालकाला माहीत. मला फोन आला की पत्ता कळतो." यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. त्याच्याकडे कागदच नव्हता, आणि कोणी मागितलाही नव्हता.

आता गंमत अशी, की सरकार दरबारी याच टायरचा हिशेब संगणकावर चोख मांडला जातो. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये धोकादायक व इतर कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती केली आणि टायर बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकली. 2020-21 साली जेवढा माल बनवला किंवा आणला, त्याच्या 35 टक्के वजनाची जबाबदारी 2022-23 साली. पुढच्या वर्षी 70 टक्के आणि 2024-25 पासून पूर्ण 100 टक्के, दर वेळी दोन वर्षांआधीच्या मालावर. कंपनीने स्वतः टायर गोळा करत फिरायचे नाही. जुन्या टायरपासून रबराचा चुरा, पुनर्वापराचे रबर, तेल वगैरे काढणाऱ्या कारखान्याने केलेल्या कामाची प्रमाणपत्रे कंपनीने विकत घ्यायची. हा सगळा व्यवहार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर चालतो. नोंदणी तिथेच, विवरण तिथेच, प्रमाणपत्रही तिथेच. फायलींचे गठ्ठे गेले, हे चांगलेच झाले.

परंतु पोर्टलवर नोंदणी कोणाची, ते नीट पाहा. टायर बनवणारा किंवा आणणारा, टायरला नवे रबर चढवून देणारा म्हणजे रिमोल्डवाला, आणि पुनर्प्रक्रिया करणारा कारखानदार. पंक्चरवाला, भंगारवाला आणि तो टेम्पो या व्यवस्थेत नाहीत. म्हणजे नवा टायर कारखान्यातून निघाला ही नोंद आहे, जुना टायर दुसऱ्या कारखान्यात पोचला ही नोंद आहे. मधला सगळा रस्ता कोरा. उद्या संगणकावर हिशेब शंभर टक्के जुळेल आणि आपल्या ओढ्यातला टायर ओढ्यातच राहील, कारण कंपनीला वजन भरून दाखवायचे आहे, वरव्याचा टायर दाखवायचा नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचे? बंधूंनो, तीन गोष्टी सांगतो.

पहिली डासाची. टायर कसाही ठेवा, उभा ठेवा, आडवा ठेवा, पोटात पाणी धरतोच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पाणी आटले म्हणून निर्धास्त राहू नये. टायरच्या आतल्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी असतानाही महिनोन् महिने टिकतात आणि पावसाच्या पाण्यात फुटतात. आपल्या भागातला पाऊस काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. आठवड्याचा कोरडा दिवस आपण पाळतो, पण त्या दिवशी घरातली पिंपे रिकामी होतात, दुकानामागचा ढीग नाही.

दुसरी धुराची. टायरमध्ये गंधक असतो, जस्त असते, पोलादी तार असते. तो जाळला की काळा धूर छातीत जातो आणि तार राखेत उरते. ती राख उकिरड्यावर गेली, उकिरड्यातून वावरात गेली आणि चाऱ्यासोबत तारेचा तुकडा म्हशीच्या पोटात गेला, तर तो आतून टोचत पुढे सरकतो, कधी थेट हृदयाच्या पडद्यापर्यंत. जनावर खात नाही, दूध तोडते, आणि आपण भलतीच औषधे पाजत बसतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली. साध्या प्रकाराला 5,000 रुपये आणि मोठ्या ढिगाला 25,000 रुपये भरपाई ठरवली. गावात किती जणांना हे ठाऊक आहे?

तिसरी गोष्ट गुळाची, आणि ती मला जास्त बोचते. आपल्याच जिल्ह्यातल्या काही गुऱ्हाळांच्या चुलवाणात चिपाडाच्या जोडीला टायर आणि प्लास्टिक जाळले जात असल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून वारंवार आल्या आहेत. सगळे गुऱ्हाळवाले तसे नाहीत. पण स्वस्त जळण म्हणून टायर विकला जातो तो कुठल्या तरी गावातूनच उचललेला असतो. आपल्या फाट्यावरून निघालेला टेम्पो चांगल्या कारखान्यात गेला की चुलवाणावर, हे आज कोणीही सांगू शकत नाही.

यावर संगणक आपोआप उपाय करील असे समजू नये. प्लास्टिकच्या बाबतीत अशीच प्रमाणपत्रांची पद्धत आहे. 2023 साली तिच्यात मोजक्या कारखान्यांनी लाखोंच्या संख्येने बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे केंद्रीय मंडळाच्याच तपासणीत उघड झाले. पोर्टलवर भरलेला आकडा खरा की खोटा हे पोर्टलला कळत नाही. जिथून माल निघाला तिथला आकडा शेजारी ठेवला तरच कळते. दूध घालणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. संकलन केंद्रावर माप आणि फॅट लिहिलेली चिठ्ठी आधी तुमच्या हातात पडते, टँकर मग हलतो. ती चिठ्ठी नसती आणि नुसता डेअरीचाच आकडा असता, तर तुम्ही मान्य केला असता का?

पिकांच्या बाबतीत हा बदल आपण अनुभवलाच आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी भाऊसाहेब (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कागदावर पीकपेरा लावायचे, आता शेतकरी बांधावर उभा राहून मोबाईलवर फोटो काढतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश त्यासोबत जातात. रेंज मिळत नाही, ॲप अडते, या अडचणी मी बांधावर तुमच्यासोबत उभा राहून भोगल्या आहेत. तरीही त्यातले तत्त्व बरोबर आहे. नोंद शेतात उगवते आणि वर जाते. टायरची नोंद मात्र वरच उगवते आणि वरच राहते.

परदेशातही हा प्रश्न सुटा सोडलेला नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एका वेळी दहा किंवा जास्त जुने टायर वाहून नेणाऱ्याला राज्याकडे नोंदणी करावी लागते. कोठून किती उचलले, कोठे किती उतरवले, याची फेरीनिहाय नोंद ठेवावी लागते आणि हीच माहिती संगणकावरून पाठवण्याची सोयही आहे. म्हणजे तिथे आधी वाहतुकीची नोंद होती, मग ती कागदावरून संगणकावर गेली. आपण आधी संगणक आणला, वाहतुकीची नोंद राहूनच गेली.

मग करायचे काय? कोणी म्हणेल, ग्रामपंचायतीला आधीच 1 ते 33 नमुने आहेत, त्यात हे चौतिसावे कशाला? रास्त आहे. ग्रामसेवकांची (आता ते ग्रामपंचायत अधिकारी झाले) अवस्था मी जवळून पाहतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की एक दोनशे पानी वही पुरे. तारीख, टायर किती नग, गाडीचा नंबर, कोठे नेणार. टायर उचलायला आलेल्या टेम्पोवाल्याची सही आणि भरलेल्या गाडीचा मोबाईलवर एक फोटो. वही दुकानातच राहील, महिन्याला पंचायतीचा माणूस बेरीज उतरवून नेईल. वजनाच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये. ट्रकचा एक टायर साधारण 50 किलोचा धरला तरी अंदाज येतो.

एक मात्र सांभाळावे. वही दाखव, परवाना दाखव, दंड भर, असा धोशा पंक्चरवाल्यामागे लावला तर तो टायर ठेवूनच घेणार नाही आणि गाडीवाले ते रात्रीच्या अंधारात ओढ्यात टाकतील. भंगारवाला उद्या दुसरीकडून माल उचलेल आणि आपला ढीग तसाच राहील. तो माणूस या कामातला भागीदार आहे, आरोपी नव्हे. त्याला आजवर कोणी विचारले नाही इतकेच.

वरच्या कार्यालयांकडेही मागणी गेली पाहिजे. पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने पोर्टलवर माल आल्याची नोंद करताना तो कोणत्या तालुक्यातून, कोणत्या गाडीने आला हे भरणे सक्तीचे करावे आणि ते ग्रामपंचायतीला पाहता यावे. मग आपल्या वहीतली गाडी तिथे उतरली की नाही हे कोणताही सरपंच दोन मिनिटांत पडताळून पाहील. तसा ठराव ग्रामसभेने करून पंचायत समितीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवायला पैसा लागत नाही.

ग्रामसभेची वाट न पाहता होण्यासारखे एक काम आहे. पावसाळ्याआधी एका रविवारी गोठ्यावरचे, गंजीवरचे, परड्यातले टायर खाली उतरवा. जे वजनासाठी ठेवायचेच आहेत त्यांना तळाशी चार-पाच भोके पाडा, पाणी राहणार नाही. पहारीपेक्षा ड्रिलने पाडा, पोलादी तारेमुळे पहार निसटते आणि हाताला लागते. बाकीचे एका जागी, छपराखाली रचा आणि मोजून वहीत पहिली ओळ लिहा.