हुशारीआड दडलेली वाचनाची अडचण

शालेय नेत्रतपासणीत सहा मीटरवरील तक्ता अचूक वाचला, की मुलाची दृष्टी निर्दोष ठरते. पुस्तक मात्र हातभर अंतरावरून वाचले जाते. जवळचे पाहताना दोन्ही डोळे एकाच वेळी पुरेसे आत वळत नसतील, तर ओळी निसटतात, अक्षरे दुहेरी दिसतात, डोके दुखते. हा दोष त्या तक्त्यावर कळत नाही.

कुशाग्र मुलांमध्ये तो अधिकच झाकला जातो. संदर्भावरून शब्द ताडून आणि वर्गात ऐकलेले लक्षात ठेवून ती सरासरी गुण मिळवतात. तोंडी उत्तरांत चमकणारे मूल लेखी परीक्षेत मागे पडले, की 'आळशी' हा शिक्का तयारच असतो.

अर्थात, प्रत्येक वाचनदोषाचे खापर डोळ्यांवर फोडणेही चुकीचे. डिस्लेक्सियाचे मूळ दृष्टिदोषात नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे जवळची दृष्टी आणि वाचनक्षमता या दोन्हींची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. परंतु सवलतींची वाट निदानातूनच जाते. उत्तीर्ण होणाऱ्या मुलाला तपासणीसाठी पाठवणार कोण, हा प्रश्न मात्र उरतोच.