दोन खोक्यांमधली खुर्ची

घरात आलेल्या पहिल्या स्टिरिओची आठवण हा मराठीत आता स्थिरावलेला लेखनप्रकार झाला आहे. दिवाळी अंक उघडावा, रविवारची पुरवणी उघडावी, कोणा निवृत्त प्राध्यापकाचा वा परदेशस्थ अभियंत्याचा ललितलेखसंग्रह उघडावा. तो तेथे असतोच. त्याचा साचाही ठरून गेला आहे. वडिलांनी पै-पै साठवून आणलेला सेट, लाकडी खोकी, त्यांवरची काळी जाळी, सुरांबरोबर नाचणारे हिरवे दिवे, वर घातलेला क्रोशाचा रुमाल, गुंतलेली फीत सोडवणारी पेन्सिल. मग पहिल्यांदा लागलेले भीमसेन किंवा कुमार, घरभर पसरलेली शांतता. आणि अखेरीस, आज हजारो गाणी खिशात असली तरी ते ऐकणे उरले नाही, हा उसासा. हे लेखन कंटाळवाणे आहे अशी माझी तक्रार नाही. ते खोटे आहे, अशी आहे.

खोटे तपशिलात नव्हे. तपशील बहुधा बरोबरच असतात, कारण ते सगळ्यांचे सारखेच आहेत. खोटे आहे ते त्यातले सर्वनाम. 'आम्ही ऐकत होतो', 'आमचे कान तयार झाले', 'आमच्या घरात गाणे आले'. या 'आम्ही'मध्ये नेमके कोण येते, हे यांपैकी एकाही लेखकाने थांबून मोजलेले माझ्या वाचनात नाही. ते मोजायचे तर दुसऱ्याच्या घरात शिरण्यात अर्थ नाही. स्वतःच्याच घरी जावे लागते.

आमच्याकडे सेट आला १९८३ च्या दिवाळीत. वडील तेव्हा साताऱ्यात नोकरीला होते. मूळ घर सांगलीच्या गावभागात. पुण्याहून डेक आणि ॲम्प्लिफायर एसटीतून वडिलांच्या मांडीवर आले आणि स्पीकरची दोन खोकी ओळखीच्या ट्रकमधून दोन दिवसांनी. साताऱ्यातल्या भाड्याच्या जागेतली बाहेरची खोली जेमतेम दहा बाय बारा. वडिलांनी सोबतची माहितीपुस्तिका दोनदा वाचली, शिंप्याकडून मोजपट्टी आणली, खोक्यांमधले अंतर मोजले आणि तेवढ्याच अंतरावर, समोर मधोमध, आपली वेताची खुर्ची मांडली. तिच्या चारही पायांभोवती खडूने खुणा केल्या. झाडताना खुर्ची हलवली तर ती पुन्हा त्याच खुणांवर ठेवायची, असे आईला सांगण्यात आले.

या खडूच्या खुणांना मी अनेक वर्षे वडिलांचा नीटनेटकेपणा समजत होतो. वस्तुतः ते त्या तंत्राचे तत्त्वज्ञान होते. आपल्या दोन कानांवर पडणाऱ्या आवाजाच्या वेळेत आणि जोरात जो सूक्ष्म फरक असतो, त्यावरून आपण दिशा ओळखतो. दोन ध्वनिवाहिन्यांतून हाच फरक निर्माण करून समोर आवाजाचे एक चित्र उभे करायचे, ही स्टिरिओची कल्पना. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने तिच्या पेटंटसाठी १९३१ साली अर्ज केला. पण हे चित्र खोलीत सर्वांसाठी उभे राहत नाही. दोन खोकी आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. तिसऱ्या कोनावर बसलेल्याला गायक मधोमध बसलेला 'दिसतो'. तिथून हातभर डावीकडे सरकले की सारी मैफल डाव्या खोक्यात कोसळते. आणि स्वयंपाकघरात, भिंतीपलीकडे, पोळ्या लाटणाऱ्या बाईपर्यंत पोचतो तो भिंतींवर आदळून आलेला, दिशाहीन, अर्धवट आवाज. म्हणजे हे यंत्र रचनेनेच एका खुर्चीचे आहे. पाश्चात्त्य घरात त्या खुर्चीवर कोण बसे, तो त्यांचा प्रश्न. आपल्याकडे ती कोणाची असणार, हे सांगायला पुस्तिकेची गरज नव्हती.

स्मरणरंजनवाल्यांचा पहिला दावा असा की, स्टिरिओने आपल्याला 'खरे' गाणे ऐकवले. हा दावा निदान सांगली-साताऱ्याच्या माणसाने तरी करू नये. आम्ही त्या दोन खोक्यांतून ऐकत होतो काय? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून उतरवलेल्या कॅसेटी. खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेला दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या मुद्रिका एकाच वाहिनीच्या. हिराबाई बडोदेकरांचे जुने ध्वनिमुद्रण, तेही तसेच. नाट्यसंगीताचा बहुतेक साठा तसाच. 'गीतरामायण' १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते होऊन गेले, ते घराघरांत पोचले रेडिओच्या एका स्पीकरमधून. त्याचे कवी माडगूळकर याच सांगली जिल्ह्यातल्या शेटफळेचे. त्या काळची माणसे सांगत की, लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत आणि ज्यांच्याकडे रेडिओ नसे ते शेजारच्या ओसरीवर जमत. आमच्या सेटच्या दोन्ही खोक्यांतून असा एकच आवाज दुपटीने बाहेर पडत होता. जगभरच्या कंपन्यांनी तर जुन्या एकवाहिनी मुद्रणांचे खर्जाचे सूर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकलून 'स्टिरिओ' म्हणून विकण्याचा उद्योगही केला. तेव्हा वडील डोळे मिटून त्रिकोणाच्या कोनावर बसत, ते संगीतापेक्षा एका मालकीचे सुख असावे, असे आज वाटते.

दुसरा दावा: त्याने आपले कान घडवले. भीमसेन जोशींना गाण्याचे वेड लागले ते लहानपणी दुकानातल्या ग्रामोफोनवर कानी पडलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीने, ही कथा तर ही मंडळी स्वतःच पुनःपुन्हा सांगतात. मग तिचा अर्थ का लावत नाहीत? तो मुलगा रस्त्यावर होता. यंत्र दुसऱ्याचे होते, तबकडी दुसऱ्याची होती. त्याचे कान घडले, कारण तो आवाज दारातून बाहेर येत होता. आमच्या घरी सेट आल्यावर पहिली गोष्ट झाली ती ही की, रस्त्याच्या बाजूची खिडकी बंद होऊ लागली. धूळ आत येते आणि आवाज 'फुटतो'.

तिसरी गोष्ट कपाटाची. सेटबरोबर काचेचे कपाट आले आणि त्यात कॅसेटी विषयवार लागल्या. आज वाटते, ते कपाट म्हणजे आमच्या घराने स्वतःविषयी लिहिलेला निबंधच होता. प्रल्हाद शिंद्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांची एक कॅसेट त्यात होती. त्यांच्याच आवाजातली भीमगीते नव्हती. गळा तोच, ढंगही तोच; एक गाणे दिवाणखान्यात चालत होते आणि दुसरे १४ एप्रिलला रस्त्यावरून जाताना ऐकू येत होते. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू ही तमाशातली दिग्गज जोडी. वडिलांनी त्यांचा तमाशा तरुणपणी जत्रेत पाहिलेला, खुशीत असले की त्यांच्या संवादांची नक्कलही ते झकास करत. पण कपाटात तमाशाची एकही फीत नव्हती. एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर असल्या कॅसेटींचे ढीग असत. वडील तिथून कोऱ्या कॅसेटी घेत.

येथे आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेटनेच संगीत स्वस्त केले. ध्वनिमुद्रिकांच्या मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली. ज्यांच्या गाण्याला कोणी विचारत नव्हते ते लोकगायक, शाहीर, जलसेकार गावोगाव पोचले. पीटर मॅन्युएल यांचा उत्तर भारतातील कॅसेटसंस्कृतीवरचा ग्रंथ (१९९३) हेच सविस्तर सांगतो. मला हे सर्व मान्य आहे. किंबहुना माझे म्हणणे त्यावरच उभे आहे. ती क्रांती घडली ट्रकच्या केबिनमध्ये, सलूनमध्ये, पानाच्या गादीवर, पुसेगावच्या यात्रेतल्या पालात. एका फाटक्या आवाजाच्या, एकाच स्पीकरच्या टेपवर. दिवाणखान्यातल्या स्टिरिओचा तिच्याशी एवढाच संबंध होता की फीत दोघांचीही सारखी होती. आणि आठवणींचे लेख मात्र लिहिले जातात ते दिवाणखान्यातल्या सेटचे. त्या टपरीवरच्या टेपवर कोणी ललितलेख लिहिलेला असेल तर तो मला वाचायला आवडेल.

माझी बहीण गाणे शिकली ती अशाच एका लहान टेपवर. मोठ्या डेकला हात लावायची तिला परवानगी नव्हती. बटणे जोरात दाबली की हेड झिजते, असे वडिलांचे शास्त्र होते. मामाने टाकून दिलेला एक टेप तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. हिराबाईंची एक तान तेवढीच मागे नेऊन चाळीस-चाळीस वेळा ती ऐके, आई कणीक तिंबताना म्हणे, 'आता खाली उतरली बघ ती.' हिराबाई मिरजेत १९०५ साली जन्मल्या. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. बाईने चारचौघांत बसून गाण्याची वाट ज्यांनी मोकळी केली, त्या आमच्या काचेच्या कपाटात मानाने विराजमान होत्या आणि त्या कपाटाची किल्ली वडिलांच्या जानव्याला होती. यावर अधिक काही लिहावे असे वाटत नाही.

वडिलांवर मात्र अन्याय नको. ते हुकूमशहा नव्हते, कंजूष तर नव्हतेच. दर रविवारी कापसाला स्पिरिट लावून ते डेकचे हेड पुसत, तेव्हा त्यांच्या हातांत जी हळुवारता असे ती आम्हा मुलांच्याही वाट्याला क्वचितच आली. पुष्कळ उशिरा, आजारपणात, त्यांनी एकदा सांगितले की, सांगलीला शिकत असताना एका हॉटेलात तबकड्या लावत. आत बसायचे तर चहा घ्यावा लागे, आणि चहाला पैसे नसत म्हणून ते बाहेर फळीला टेकून उभे राहत. एके दिवशी मालकाने सर्वांदेखत हटकले. 'तेव्हाच ठरवलं, आपली खुर्ची असेल.' हे ऐकल्यावर माझ्या रागातली निम्मी हवा गेली. निम्मी राहिली ती यासाठी की, ज्याला दारात उभे करून हाकलले त्याने घर झाल्यावर दार लावून घेतले. आणि एकटे माझे वडीलच असे नव्हते. पगारदार घरांच्या एका अख्ख्या पिढीने हे केले. आमचे लेखक त्यालाच अभिरुची म्हणतात.

आईचे ऐकणे निराळे होते आणि त्याच्यावर लेख लिहिले जात नाहीत, कारण त्यात लाकडी खोकी नाहीत. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले, तेव्हापासून ते तिच्या डब्यांच्या फळीवर होते. साताऱ्यातही ती काटा तिथेच लावून ठेवी. माहेर सांगलीचेच, त्यामुळे त्या निवेदकांचे आवाज तिला घरचे वाटत. सकाळच्या बातम्या, अभंग, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम (आमची शेती नव्हती, तरी), नाट्यपदे, बाजारभाव. ते ऐकायला कोठेही बसावे लागत नव्हते. ती खोल्यांतून फिरे आणि आवाज तिच्याबरोबर फिरे. मात्र बाहेर सेट लागला की 'तो रेडिओ बारीक कर' अशी हाक येई, आणि ती तो बारीक करी.

१९९६ ला वडील निवृत्त झाले आणि बिऱ्हाड सांगलीला गावभागातल्या घरी गेले. तिथेही खडूच्या खुणा झाल्या. २००५ च्या महापुरात पाणी रस्त्यावर दिसताच वडिलांनी शेजारच्या पोरांना हाताशी धरून आधी सेट माडीवर नेला. धान्याची पोती नंतर. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची खूण ओलांडली, धोक्याची पातळी ४५. तेव्हा वडील जाऊन आठ वर्षे झाली होती. बोटीत चढताना आईच्या पिशवीत औषधे, घराचे कागद आणि ट्रान्झिस्टर एवढेच होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. गल्लीभर गाद्या, कपाटे, फुगलेल्या वह्या यांचे ढीग. आमच्या दारातल्या ढिगावर ती दोन खोकी आडवी पडली होती. जाळी फाटलेली, कागदी कोनांत गाळ बसलेला. चिखल उपसायला आलेल्या स्वयंसेवकांपैकी एका मुलाने ती उलटसुलट करून पाहिली आणि आईला विचारले, आजी, हे काय आहे? ती ओसरीवर पाय सोडून बसली होती. म्हणाली, 'ह्यांची खोकी होती ती. ने.'