दर किलोचा की चार किलोचा?

कवठे महांकाळच्या पट्ट्यात द्राक्षाचा दर चार किलोला बोलला जातो, आणि तोच माल वाळून तासगाव-सांगलीच्या बेदाणा सौद्यात गेला की किलोला. हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. ॲपला मात्र सांगावं लागतं.

समजा, अँड्रॉइडच्या एकाच प्रकल्पातून द्राक्ष आणि बेदाणा असे दोन फ्लेवर निघतात. दोघांच्या सामाईक 'मेन'मध्ये 'दर (4 किलो)' ही ओळ इंग्रजी, मराठी आणि कन्नडमध्ये आहे. दक्षिणेला थोडं गेलं की अथणी तालुका, त्यामुळे कन्नडला पर्याय नाही. बेदाण्याच्या फ्लेवरमध्ये कुणीतरी ती ओळ 'दर (किलो)' अशी बदलली, इंग्रजीत आणि मराठीत. कन्नड राहून गेली. आता अथणीच्या व्यापाऱ्याला काय दिसेल? फ्लेवरमधली इंग्रजी ओळ, असं उत्तर अनेक अनुभवी मंडळीही देतात. प्रत्यक्षात दिसते 'मेन'मधली कन्नड, चार किलोवाली. रिसोर्स एकत्र होताना प्रत्येक भाषेचा हिशेब वेगळा चालतो. फ्लेवरची मराठी 'मेन'च्या मराठीवर चढते, इंग्रजी इंग्रजीवर. कन्नडवर चढायला कुणी नसतंच. फोन कन्नडमध्ये, कन्नड ओळ हजर, मग इंग्रजीकडे वळायचं कारण काय? बिल्ड बिनतक्रार पार पडतं आणि किलोला 200 रुपयांचा बेदाणा 50 रुपयांचा वाचला जातो.

आमचं मत स्पष्ट आहे: फ्लेवरगणिक बदलणारी ओळ 'मेन'मध्ये ठेवूच नये, 'तात्पुरती' म्हणूनसुद्धा नाही. ती फक्त फ्लेवरमध्ये असली तर एखाद्या फ्लेवरमध्ये पूर्ण विसरली की कोड कंपाइलच होत नाही. नुसती कन्नड विसरली तर लिंट त्यावर बोट ठेवू शकतं, आणि तिथूनही निसटली तर व्यापाऱ्याला इंग्रजी दिसते, पण एकक बरोबर असतं.

आयओएसवर असे थर नाहीत, फ्लेवरच्या जागी टार्गेट असतात. फाइलपुढे टार्गेटची खूण करायची राहिली की ओळीऐवजी तिची 'की'च पडद्यावर येते. दिसायला ओंगळ, पण पहिल्याच दिवशी कळतं, म्हणून तुलनेनं बरं. तिथला खरा रोग निराळा: टार्गेट वाढलं की अख्खी स्ट्रिंग फाइल कॉपी करायची. मग एका प्रतीत शुद्धलेखन सुधारतं, दुसरीत वर्षानुवर्षं तसंच राहतं. सामाईक ओळींचं एक टेबल आणि टार्गेटच्या स्वतःच्या ओळींचं दुसरं, एवढी विभागणी पुरते. एक्सकोड 15 सोबत 2023 मध्ये आलेले स्ट्रिंग कॅटलॉग कुठल्या भाषेत किती काम झालं ते दाखवतात. कुठली ओळ कुठल्या टार्गेटची, हे मात्र आपणच ठरवायचं.

जुन्या प्रकल्पात 'मेन' लगेच साफ होणार नाही. तोवर फ्लेवरमध्ये बदललेली प्रत्येक 'की' त्या फ्लेवरच्या सगळ्या भाषांत आहे ना, हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट बिल्डला जोडा आणि एक जरी भाषा कमी निघाली तरी बिल्ड पाडा.