विमान वावरात उतरले तर

चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात, सातपुड्याच्या झाडीत, १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण केंद्राचे छोटे विमान कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. मदतीला आधी धावले ते परिसरातले आदिवासी. एका महिलेने अंगावरची साडी काढून दिली. तिची झोळी करून जखमी मुलीला डोंगरातून खाली आणले गेले. या माणसांना ते कोणी शिकवले नव्हते.

खान्देशात आता शिकाऊ विमाने रोजची झाली आहेत. शिरपूरला धावपट्टी आहे. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते. केंद्राने २०२१ मध्ये नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव होते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, एकट्याने करायचा प्रवासही असतो. विशी-बाविशीतली मुले-मुली तेव्हा एकाच इंजिनाच्या भरवशावर आकाशात असतात.

ते इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे पडत नाही. ते तरंगत खाली येते. सेसना १५२ असेल तर वेग ६० नॉटच्या आसपास धरायचा. हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर मिळतात, वारा समोरून असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात वावर निवडायचे, इंधनाचा कॉक, मिक्श्चर (इंधन-हवेचे मिश्रण), मॅग्नेटो (ठिणगी देणारे यंत्र) तपासायचे, रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा संदेश द्यायचा आणि टेकण्याआधी इंधन व वीज बंद करून दार सैल करायचे. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह जिवावर बेततो. कमी उंचीवरच्या वळणात वेग गेला की विमान सावरत नाही. म्हणून प्रशिक्षक मध्येच थ्रॉटल मागे ओढतो आणि विचारतो, कुठे उतरशील? खाली येऊन पुन्हा वर जाणारे विमान दिसले तर तो बहुधा हाच सराव असतो.

उतरायला उन्हाळ्यात नांगरटीआधी मोकळी पडलेली वावरे त्या मानाने बरी. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचे चाक रुतते आणि विमान उलटू शकते. रावेर, यावल, चोपड्याकडे तर केळीच्या बागा आणि विजेच्या तारा. वरून तार दिसत नाही, खांब दिसतात.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटी निघालेली शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळली; किरकोळ जखमांवर निभावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन विमाने पडली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. इंजिनाची देखभाल हा संस्थेच्या आणि डीजीसीएच्या जबाबदारीचा भाग आहे, त्यात सवलत नकोच.

पण विमान टेकल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटे गावाच्या हाती असतात, आणि त्या गावाशी कोणी बोललेले नसते. हे चुकते आहे. विमानाच्या पंखात पेट्रोल असते, म्हणून जवळ विडी-काडी नको आणि बघ्यांची गर्दी नको. पंख्याला, तो थांबलेला असला तरी, हात लावायचा नाही. आगीचा धोका नसेल तर जखमीला ओढून काढण्याची घाई करू नये. मणक्याला इजा असू शकते. ११२ आणि १०८ वर फोन करून गट नंबर किंवा जवळची खूण सांगायची. सुटे भाग उचलायचे नाहीत, चौकशीला ते लागतात. ज्याचे पीक तुडवले गेले त्याचा पंचनामा त्याच दिवशी व्हावा.

इतके सांगायला एक ग्रामसभा पुरते. धुळे आणि जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी प्रशिक्षण संस्थांना सरावाच्या पट्ट्यातल्या गावांची यादी मागावी, आणि पावसाळ्याआधी प्रत्येक गावात एक प्रशिक्षक, एक पोलीस पाटील आणि एक आशाताई यांना एकत्र बसवावे.