कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब तपासा



कापसाचा पैसा दुकानदाराच्या वहीत जातो, ज्वारी घरात खायला लागते. मुरुड भागातल्या कोरडवाहू घरात मीठ-तेलाला हाताशी राहतो तो बाईच्या कोंबड्यांचा पैसा. त्याच कोंबड्या दोन दिवसांत माना टाकतात आणि आम्ही म्हणतो, ‘मर आली, मानमोडी असेल.’ विषय संपला!

आमचे म्हणणे आहे, तो तिथे संपू नये. प्रत्येक मर मानमोडी नसते. ताप, फिका पडलेला तुरा, हिरवी हगवण, लुळे पाय ही लक्षणे दिसली तर रक्तात स्क्रूच्या आट्यांसारखे पिळदार जंतू असू शकतात. शास्त्रात त्यांना बोरेलिया म्हणतात. ते पसरवतो खुराड्यातला गोचीड. मोठा गोचीड दिवसा फटीत लपतो, रात्री रक्त पिऊन परत जातो. म्हणून तो अंगावर सापडत नाही. उपाशी राहूनही तो वर्षभर तग धरतो. चार महिने खुराडे रिकामे ठेवून भागत नाही.

याच कुळातल्या जंतूंनी माणसेही मारली. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनची उपाशी माणसे मुंबईला गेली. तिथे उलटून येणारा ताप पसरला. १८७७ मध्ये डॉ. हेन्री कार्टर यांना रोग्यांच्या रक्तात हे पिळदार जंतू दिसले. पण ते पसरतात कसे? १९०७ मध्ये डॉ. मॅकी यांनी नाशिकच्या मिशन वसाहतीतली साथ तपासली. ज्यांच्या अंगावर उवा जास्त, त्यांच्यात ताप जास्त, हे त्यांनी दाखवले. थेंबभर रक्ताने जंतू दाखवला, उवांनी वाट दाखवली.

कोंबडीचा हा जंतू माणसाला लागत नाही. वेळेवर दिलेले पेनिसिलिन त्याला मारते. मानमोडीवर मात्र ते चालत नाही. तिथे आधी टोचलेली लसच हवी. म्हणजे रोग ओळखणे हाच अर्धा इलाज. त्याला लागते काय? तापातल्या कोंबडीचा रक्ताचा थेंब, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या जिल्ह्यात ही मागणी जड नाही.

आपणही हात चालवू. भिंतीच्या भेगा आणि खुराड्याच्या फटी बुजवू. डॉक्टरांना विचारून कोंबडीबरोबर खुराड्यावरही औषध मारू. मेलेल्या कोंबडीची वाट न पाहता आजारी कोंबडी जिवंत असतानाच दवाखान्यात नेऊ. आणि जिल्हा बैठकीत एकच मागणी मांडू : कोंबडीचे रक्त तपासल्याशिवाय तिच्या रोगाला नाव देऊ नका.