गोप्रेमाची कसोटी गव्हाणीत

महाराष्ट्रात २०१५ साली गोवंशहत्याबंदीचा कायदा लागू झाला. २०२४ साली देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा मिळाला. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. परंतु या राज्यमातेच्या गव्हाणीत आहे तरी काय? २०१३ आणि २०१९च्या दुष्काळांत लाखो जनावरे चारा छावण्यांत उसाच्या वाढ्यांवर जगवावी लागली. वाढ्यांतील ऑक्झलेट जनावराला कॅल्शियम मिळू देत नाही. या दुरवस्थेचे खापर एकट्या पावसावर फोडणे ही निव्वळ आत्मवंचना आहे.

देशातील लागवडीच्या क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्र चारापिकांच्या वाट्याला येते. उंच ज्वारी गेली, बुटके संकरित वाण आले, त्यामागून सोयाबीन आणि ऊस आले, कडबा आटला. पाभरीमागे मोघण धरून ज्वारीत तूर, चवळी पेरणारा शेतकरी अडाणी ठरला आणि एकपीक पद्धतीला प्रगती म्हटले गेले.

त्या ‘अडाण्या’चाच हिशेब आज विज्ञान खरा ठरवीत आहे. मक्याच्या वा ज्वारीच्या हिरव्या वैरणीतील शुष्क भागात प्रथिने ८ टक्क्यांच्या आसपास, तर चवळीत त्याच्या जवळपास दुप्पट. तृणधान्य पोट भरते, द्विदल अंगी लागते. नुसता लसूणघास चारला तर पोटफुगीचे भय. कोवळी ज्वारी चारली तर किराळ लागते. मक्याच्या दोन ओळींआड चवळीची एक ओळ घेऊन पीक फुलोऱ्यात कापले, तर ही दोन्ही भये टळतात. चवळीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात; मक्यातील साखरेमुळे मुरघासही उत्तम साधतो.

चाऱ्यासाठी जमीन कोठून आणावी, हा आक्षेपही टिकत नाही. पाण्याची सोय असेल तर १० गुंठ्यांत एका हंगामात सुमारे ४ टन हिरवी वैरण निघते. रोज २० किलो धरली, तरी एका गायीची जवळजवळ सहा महिन्यांची बेगमी होते.

मग उन्हाळ्यात छावण्यांवर कोट्यवधी रुपये ओतणारे शासन जूनमध्ये मका-चवळीचे बियाणे बांधावर का पोहोचवीत नाही? आणि गोपूजनाला हजारोंनी जमणारा समाज गोशाळेच्या पडीक जमिनीवर मिश्र वैरण का पेरीत नाही? कायद्याने गाय कसायापासून वाचेल. भुकेपासून तिला वाचवील ती पेरणीच. जयघोषाने गव्हाण भरत नाही.