नमुना सही

पावसाळा सरला की घरामागच्या दगडी गडग्याची डागडुजी करायची, हा निवृत्तीनंतर खर्डीला येऊन राहिल्यापासूनचा माझा वार्षिक कार्यक्रम. गेल्या दिवाळीत नातू मदतीला होता. मदत म्हणजे दर दगडामागे एक प्रश्न. एक चपटा दगड उचलला, तर खाली नखाएवढा काळपट कोळी, पांढऱ्या रेशमी पिशवीला बिलगून बसलेला. पिशवीत अंडी असणार, कारण तो पळाला नाही. कामाला आलेल्या गड्याने पहार टेकून पायातली वहाण काढली. नातवाने हात आडवा घातला आणि विचारले, "आजोबा, याचं नाव काय?"

"कोळी," मी म्हणालो.

"ते आडनाव झालं. नाव काय?"

चौतीस वर्षे बँकेत लोकांची नावे तपासण्यात गेली आणि दारातल्या या शेजाऱ्याचे नाव मला सांगता येईना.

मासे धरणाऱ्याला आणि या प्राण्याला आपल्या भाषेत एकच शब्द, आणि तो ऐकला की जाळे आठवते. पण सगळेच कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाहीत. जमिनीवर हिंडून शिकार करणाऱ्यांचे एक मोठे घराणेच आहे. दिवसा दगडाखाली किंवा पाचोळ्यात रेशमाची कोठडी करून राहायचे, रात्री बाहेर पडायचे. भक्ष्य दांडगे निघाले तर त्याच्या पायांवर चिकट धागे टाकून त्याला जखडायचे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे बी. के. टिकादर यांनी १९८२ साली भारतातल्या कोळ्यांवरच्या ग्रंथाचा एक संपूर्ण भाग या घराण्याला दिला. माझ्या गडग्यातला कोळी त्याच घराण्यातला असावा असे मला वाटते. पण या व्यवहारात 'वाटते' या शब्दाला काडीची किंमत नाही.

'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी आपण चहाबरोबर वाचतो. सापडणे ही त्या कामाची पहिली पायरी. कोळी पूर्ण वाढलेला हवा. पिल्लू चालत नाही. कारण खरी ओळख रंगात किंवा आकारात नसते. ती असते नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांच्या टोकाशी आणि मादीच्या पोटाखालच्या इवल्याशा चकतीत. कुलूप-किल्लीसारखी ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तिची चित्रे काढायची आणि आजवर वर्णन झालेल्या जवळच्या सर्व कोळ्यांशी ती ताडून पाहायची. त्यासाठी लंडनच्या पोकॉकने १९०० साली लिहिलेल्या ग्रंथापर्यंत मागे जावे लागते. एवढे करून वेगळेपण ठरले, तर नाव. तेही आमच्या खतावणीतल्यासारखे, आडनाव आधी आणि नाव नंतर.

शेवटची पायरी मला सर्वांत ओळखीची वाटली. ज्या एका कोळ्यावरून नाव दिले, तो मद्यार्कात घालून, चिठ्ठी लावून, संग्रहालयात कायमचा जपायचा. पुढे कोणाला शंका आली, तर त्याने तो नमुना काढून पाहायचा. बँकेत याला आम्ही नमुना सही म्हणतो. धनादेश कितीही सुबक असो, कार्डावरच्या सहीशी जुळल्याशिवाय पैसे नाहीत. एका शाखेत वाळवीने कार्डांचा खण खाल्ला होता. आपण आपणच आहोत हे शाबीत करायला एक म्हातारबाबा महिनाभर खेटे घालत होते. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करणे बंधनकारक केले आहे, ते मला म्हणूनच पटते.

"म्हणजे नाव द्यायला मारावं लागतं?" नातवाने विचारले. बहुधा हो, असेच उत्तर द्यावे लागले. प्रश्न अवघड आहे आणि तो पडायलाच हवा. मी त्याला एवढेच सांगितले, की एक कोळी बाटलीत जातो तेव्हा त्याच्या सगळ्या जातभाईंच्या नावाचे खाते उघडते. वहाणेखाली किंवा यंत्राखाली जातो, तेव्हा कशाचीच नोंद होत नाही.

हे सारे दूरदेशी घडते असे नाही. २०२१ साली आमच्या ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याला नाव मिळाले 'आयसियस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांचे ते नाव. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले; पण जगाच्या प्राणिशास्त्रात एका साताऱ्याच्या माणसाचे नाव कायमचे कोरले जावे, तेही ठाण्याकडच्या कोळ्याच्या रूपाने, याचे मला अप्रूप वाटते.

मात्र नाव मिळायला उशीर किती व्हावा? १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत डॉक्टर म्हणून गेलेल्या हिंगस्टन यांना सुमारे ६,७०० मीटर उंचीवर, बर्फातल्या उघड्या खडकांत कोळी आढळले. एवढ्या उंचीवर कायम राहणारा प्राणी म्हणून त्यांचा बोलबाला झाला. पण शास्त्रीय वर्णन होऊन नाव मिळाले १९७५ साली. म्हणजे पन्नास वर्षे ते कोळी बिननावाचे. हिमालयातले ते खडक तोवर जागेवर होते. सह्याद्रीतले दगड पन्नास वर्षे थांबतील का?

खर्डीहून कसाऱ्याकडे निघाले की डोंगर जवळ येत जातात आणि खडी फोडल्याचे आवाजही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो आमच्याच शहापूर तालुक्यातून गेला. रस्ते नकोत असे मी म्हणणार नाही. मीही त्यावरून जातो. पण कर्ज देण्याआधी आम्ही तारण काय आहे ते पाहत होतो. डोंगर फोडण्याआधी त्याच्या पोटात काय काय राहते याची यादी करताना बिबट्या आणि मोर यांच्यावरच का थांबावे? २०२२ पर्यंत जगात नाव मिळालेल्या कोळ्यांच्या प्रजातींनी पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. तरी नवी नावे येतच आहेत. ज्याला नाव नाही, त्याचा उल्लेख ना कायद्याच्या परिशिष्टात, ना नुकसानीच्या हिशेबात.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात एक बरा सूक्ष्मदर्शक, नमुन्यांचे एक नीट ठेवलेले कपाट आणि हे किचकट काम करणाऱ्या तरुणाला पोटापुरता पगार, एवढे तरी आपल्याला परवडावे. मुलांना सहलीला नेतो तेव्हा एखादा दगड उलटून दाखवावा आणि पुन्हा होता तसा ठेवायलाही शिकवावे.

आम्ही तो दगड हलक्या हाताने जागेवर ठेवला. गड्याने वहाण पायात घातली आणि तेवढा गडगा यंदा तसाच राहिला. रात्री नातवाने वहीत नोंद केली: तारीख, खर्डी, दगडाखाली, अंड्यांसह. आडनाव, कोळी. नावापुढची जागा त्याने रिकामी सोडली आणि वही मला जपून ठेवायला दिली.